हिरवे गुलाम

सत्पुरुषाला वृक्षाची उपमा देण्याची आपली रीत जुनी आहे. वृक्ष कुणाला मारून खात नाही, उन्हावर जगतो. या निरागसतेवर १९०५ साली कझान विद्यापीठातील कॉन्स्टंटिन मेरेझ्कोव्हस्की यांनी विलक्षण आक्षेप घेतला. पानांच्या पेशींतील हरितलवके ही मुळात बाहेरून आत आलेले जीव आहेत, असे त्यांनी प्रतिपादन केले. सिंहाला शिकार करावी लागते आणि ताडाचे झाड शांत उभे असते, कारण झाडाच्या पोटात असंख्य हिरवे गुलाम राबत असतात!

मत प्रदीर्घ काळ उपेक्षित राहिले. १९६७ मध्ये लिन मार्ग्युलिस यांनी ते नव्याने मांडले, आणि हरितलवकांच्या डीएनएचे नाते नील-हरित जीवाणूंशी जुळल्यावर ते मान्यही झाले. ‘गुलाम’ हा शब्द मात्र सलत राहतो.

शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी एका पेशीने असा जीवाणू गिळला आणि तो पचला नाही. पुढे त्याची बहुतेक जनुके एकतर नाहीशी झाली किंवा यजमानाच्या केंद्रकात गेली. जमिनीवरील वनस्पतींच्या हरितलवकात आज साधारण शंभर-सव्वाशेच उरली आहेत. आता तो बाहेर पडून जगू शकत नाही. सुटकेचे कागदच जणू मालकाच्या तिजोरीत आहेत.

पण मालक तरी मोकळा आहे काय? हिवतापाच्या परजीवीचे पूर्वज प्रकाशावर जगणारे होते. आज तो रक्तात, अंधारात राहतो. हिरवा रंग केव्हाच गेला. तरीही एक रंगहीन लवक त्याच्यात आहे, कारण जगण्यास आवश्यक अशी काही द्रव्ये तिथेच तयार होतात. उलट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील एक समुद्री गोगलगाय शैवालातील हरितलवके गिळून महिनोन्‌महिने अंगात बाळगते. तिच्या पिलांना मात्र ती पुन्हा मिळवावी लागतात. ही उघड चोरी. पण चोराच्या आयुष्याबरोबर संपणारी. मला तर ती त्या मुरलेल्या सहवासापेक्षा अधिक निर्दोष वाटते.

गुलामी म्हणायची तर वेगळे काही इच्छिणारा कुणी तरी असावा लागतो. लवकाला इच्छा नाही. मग तो शब्द आला कुठून? मेरेझ्कोव्हस्की १८५५ मध्ये जन्मले; रशियातील भूदासांची मुक्तता झाली १८६१ मध्ये.