सातबारा कुणाच्या नावावर?

१८ जुलै २००६. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराची बास्केटबॉलची टीम विकल्याचं त्या दिवशी जाहीर झालं. टीमचं नाव सुपरसॉनिक्स. विकणारा हॉवर्ड शुल्ट्झ, स्टारबक्स कॉफीवाला. त्यानं आणि त्याच्या भागीदारांनी २००१ साली ती सुमारे २० कोटी डॉलरला घेतली होती. पाच वर्षांनी ३५ कोटीला काढून टाकली. घेणारा क्ले बेनेट आणि मंडळी, राहणार ओक्लाहोमा सिटी. एवढ्यात ज्याला समजायचं त्याला समजलं.

बेनेट म्हणाला, टीम इथंच ठेवायची आमची इच्छा आहे, फक्त नवीन स्टेडियम द्या. किती? ५० कोटी डॉलरचं. आणि बराचसा पैसा जनतेचा. २००७ साली त्याचाच एक भागीदार एका पेपरवाल्याशी बोलून गेला की सिअ‍ॅटलमध्ये ठेवायला आम्ही टीम घेतलीच नव्हती. लीगनं त्याला अडीच लाख डॉलर दंड ठोकला. दंड बोलल्याचा. टीम उचलायला मात्र एप्रिल २००८ मध्ये मालकांनी २८ विरुद्ध २ मतांनी परवानगी दिली. मतदार कोण? बाकीच्या टीमांचे मालक. चोरांच्या पंचायतीत चोरीचा निवाडा, म्हणा ना.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेचं रडगाणं आपल्याला कशाला? पोटं भरलेल्यांचे खेळ. असेल. पण ह्याच सिअ‍ॅटलच्या नगर परिषदेनं फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करायला कायद्यानं बंदी घातली. अमेरिकेतलं असं पहिलं शहर. तेव्हा ते गाव आपल्याला अगदीच परकं नाही. आणि प्रश्न तर मुळीच परका नाही. प्रश्न असा की, एखादी गोष्ट 'आपली' आहे असं माणूस म्हणतो, तेव्हा त्याच्या हातात नेमकं काय असतं?

चाहत्यांच्या हातात काय होतं? १९६७ पासूनची एक्केचाळीस वर्षं. १९७९ चं अजिंक्यपद. बापानं पोराला खांद्यावर बसवून दाखवलेले सामने. नावसुद्धा गावातल्या घामाचं होतं. बोइंग कंपनी तिथं आवाजापेक्षा जोरात उडणारं विमान बनवणार होती, त्यावरून ते पडलं. विमान १९७१ साली रद्द झालं, टीम राहिली. मालकाच्या हातात काय? एक कागद. कोर्टात कागद चालतो.

आपल्या भाषेत 'माझं' वेगळं आणि 'आपलं' वेगळं. 'आपलं' मध्ये बोलणारा असतो, ऐकणाराही असतो. कायद्याला 'माझं' समजतं, त्याचा सातबारा निघतो. 'आपलं'चा सातबारा निघत नाही. सिअ‍ॅटलची महापालिका कोर्टात गेली तीसुद्धा प्रेमाच्या जोरावर नव्हे, भाडेकराराच्या जोरावर. स्टेडियम शहराच्या मालकीचं, करार २०१० पर्यंतचा. जून २००८ मध्ये खटला चालला, बाहेर हजारो माणसं घोषणा देत उभी. २ जुलैला तडजोड झाली. साडेचार कोटी डॉलर शहराच्या तिजोरीत, टीम ओक्लाहोमाला. नाव आणि रंग तेवढे मागे ठेवले. मढ्याचे कपडे घरच्यांना परत देतात तसे.

इथं काही शहाणे म्हणतात, लोकांनीच घात केला. कारण नोव्हेंबर २००६ मध्ये सिअ‍ॅटलच्या मतदारांनी चौऱ्याहत्तर टक्क्यांनी ठरवलं होतं की खेळाच्या धंद्यात शहराचा पैसा लावायचा तर शहराला त्याचा रास्त परतावा मिळाला पाहिजे, फुकटची खिरापत बंद. म्हणे प्रेम होतं तर पैसे का नाही मोजले? मला हे मतदार फार बरोबर वाटतात. ज्याच्यावर जीव आहे त्याच्या गळ्याला सुरी लावून पैसे मागणाऱ्याला खंडणीखोर म्हणतात. खंडणी नाकारली म्हणून जीव नव्हता असं कुठं सिद्ध होतं? एवढंच की नाकारण्याची किंमत असते, ती त्यांनी भरली.

आता ह्याच टीमची एक जुनी गोष्ट. स्पेन्सर हेवूड. मिसिसिपीतला काळा पोरगा, लहानपणी कापूस वेचलेला. १९७० साली सॉनिक्सनं त्याला घेतलं. लीगचा नियम आडवा आला: शाळा सुटल्यावर चार वर्षं झाल्याबिगर खेळायचं नाही. पोराच्या घरी चूल पेटो न पेटो. तो कोर्टात गेला. १९७१ साली सुप्रीम कोर्टात त्याच्या बाजूनं लागलं. त्या काळात खेळाडू करार संपला तरी मालकाच्या दावणीलाच. ती दावण सैल व्हायला ऑस्कर रॉबर्टसन ह्या काळ्या खेळाडूचा खटला लागला, १९७० ते १९७६. म्हणजे बघा, मालक टीम उचलून नेतो तो त्याचा हक्क. खेळाडूनं उठून जायचं म्हटलं तर सुप्रीम कोर्ट गाठावं लागलं. आणि मालक तेव्हा 'शिस्त', 'परंपरा', 'गावची निष्ठा' असलेच शब्द वापरत. तेव्हा निष्ठा हा शब्द कानावर आला की आधी बघावं, कुणाच्या तोंडून येतोय.

इथपर्यंत सोपं आहे. मालक वाईट, चाहते बिचारे. पण २०१३ ला काय झालं ते ऐका.

सिअ‍ॅटलच्या एका धनिक गटानं सॅक्रामेंटो शहराची टीम विकत घ्यायचा सौदा केला. किंग्ज. तीही उचलून सिअ‍ॅटलला आणायची, नाव पुन्हा सॉनिक्स ठेवायचं. आणि सिअ‍ॅटलमध्ये लोक खूष झाले! पाच वर्षांपूर्वी कोर्टाबाहेर घसा फोडणारी माणसं. काहींना अवघडल्यासारखं झालं, हे खरं. पण बाकीच्यांचा हिशेब सरळ होता: आमचं नेलं, आम्ही दुसऱ्याचं आणू, बाजाराचा नियमच तो. सॅक्रामेंटोतही खांद्यावर बसलेली पोरं होतीच की.

मला सगळ्यात जास्त हेच डाचतं. लाथ बसलेल्या माणसाला लाथेचं वाईट वाटलं, की लाथ आपल्याला बसली ह्याचं? पहिलं असेल तर ती माणुसकीची मागणी आहे. दुसरं असेल तर तो नुसता जागा बदलून मागतोय. उतरंड तशीच, फक्त मला एक मडकं वर ठेवा. गड्यांनो, उतरंडीतलं हे गणित आपल्याला कुणी शिकवायला नको. 'आपलं गाव' हा शब्द पाटलाच्या तोंडीही होताच, आणि त्या 'आपलं'त वेशीबाहेरचा धरलेला नव्हता. म्हणून 'आपलं' म्हणणाऱ्याला, तो कितीही रडत असला तरी, विचारावंच लागतं: ह्यात कोण कोण येतं?

मे २०१३ मध्ये मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी ते स्थलांतर अडवलं. न्याय झाला म्हणून टाळी वाजवू नका. सॅक्रामेंटोच्या नगर परिषदेनं नव्या स्टेडियमसाठी सुमारे पंचवीस कोटी डॉलर कबूल केले होते. एका गावानं खंडणी नाकारली, त्याची टीम गेली. दुसऱ्यानं मान्य केली, त्याची राहिली.

मग दुसरा रस्ताच नाही? आहे, पण बास्केटबॉलमध्ये नाही. त्यांच्या फुटबॉलमध्ये, म्हणजे हातात धरून पळतात त्या फुटबॉलमध्ये, ग्रीन बे म्हणून एक लाखभर वस्तीचं गाव आहे. तिथली पॅकर्स टीम १९२३ पासून लोकांच्या शेअरवर उभी आहे. शेअरला नफा मिळत नाही, बाजारात तो विकता येत नाही, कुणा एकाला मालक होता येत नाही. टीम शंभर वर्षं तिथंच आहे. त्या लीगनं नंतर नियम केला की अशी मालकी दुसऱ्या कुठल्याही टीमला चालणार नाही. ग्रीन बे आधीची, म्हणून राहिली.