समजून घेण्याआधीची भीती

समानुभूती म्हणजे दुसऱ्याचे जग त्याच्या नजरेने पाहणे आणि तसे पाहताना आपले भान न सोडणे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये मानसोपचार यशस्वी होण्याच्या अटी मांडल्या. त्यांत समानुभूती होती, आणि उपचारकाने स्वतःच्या भावनांशी प्रामाणिक राहण्याची अटही होती. ही दुसरी अट सहसा विसरली जाते. दया करणाऱ्याला स्वतःत डोकवावे लागत नाही. समजून घेणाऱ्याला मात्र आधी आपल्या मनातला अडसर ओळखावा लागतो, आणि पुष्कळदा तो भीतीचा असतो.

बाबा आमटे वरोऱ्याला वकिली करत असतानाची तुळशीरामची घटना महाराष्ट्राला ठाऊक आहे. रस्त्याकडेला पडलेला, बोटे झडलेला, जखमांत किडे झालेला तो कुष्ठरुग्ण पाहून बाबा घाबरून घरी पळाले. निर्भय म्हणून ओळखला जाणारा माणूस एका आजारी देहापुढे हरला होता. पळून आल्यावर त्यांनी या पळण्याला सबबी शोधल्या नाहीत, हे या घटनेतले सर्वांत मोलाचे. भीती आहे हे मान्य करून ते परत गेले आणि त्यांनी तुळशीरामची शुश्रूषा केली. पुढे कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्यांनी कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले आणि प्रयोगासाठी स्वतःच्या शरीरात जंतू टोचून घेतले.

शिक्षणाची ही पायरी महत्त्वाची आहे, कारण कळवळ्याला माहितीची जोड नसेल तर तो चुकीच्या जागी खर्च होतो. कुष्ठरोगात बोटे सडून गळतात, असा समज होता. वेल्लोरला काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी रुग्णांचे रोजचे व्यवहार बारकाईने पाहिले. गंजलेले कुलूप एका मुलाने जोर लावून उघडले, तेव्हा त्याचे बोट हाडापर्यंत कापले गेले आणि त्याला ते कळलेही नाही. नसा बधिर झाल्याने वेदनाच पोचत नाही. चटके, काप, फोड दुर्लक्षित राहतात आणि हात झिजत जातात. ज्याला आपण नुसते दुःखी समजत होतो, त्याला खरे तर दुखणेच हरवले होते. हे रुग्णाच्या दिनक्रमाजवळ बसल्याशिवाय कळणारे नव्हते.

स्वतःला समजून घेण्याचा प्रश्न रुग्णापुढे अधिक कठोरपणे येतो. समाजाची नजर त्याच्या मनातही घर करते. अंगावरचा फिकट, बधिर चट्टा तो पूर्ण बाह्यांखाली लपवतो, हे गेल्या जन्मीचे पाप आहे असे मानतो, आणि दवाखान्यात जाईपर्यंत नसांची हानी झालेली असते. स्वतःवर माया करणे म्हणजे इथे स्वतःचे लाड करणे नव्हे. वेळेवर औषध घेणे एवढाच त्याचा अर्थ आहे. बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांसाठी उभारलेल्या आनंदवनात रुग्णांना शेती आणि हस्तोद्योगांत राबण्याची संधी मिळाली, भिकेचे पात्र खाली ठेवता आले, तेव्हा त्यांची स्वतःविषयीची कल्पनाही बदलू लागली.

कायद्याला मात्र बराच वेळ लागला. बहुविध औषधोपचाराने हा आजार १९८० च्या दशकापासून बरा होत असूनही, जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून विवाहविषयक कायद्यांत २०१९ पर्यंत टिकून होते.