न्यूट्रलमध्ये उतरलेला ट्रक

समजा, खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना एका ड्रायव्हरने मालाने भरलेला ट्रक न्यूट्रलमध्ये टाकला. कारण साधं आहे, डिझेल वाचतं असा त्याचा समज आहे. पण गिअर काढला की इंजिनचा अटकाव जातो. सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि लागेनासे होतात. खाली एका कारमधलं कुटुंब चिरडलं जातं. हा ड्रायव्हर खुनी आहे का?

आपण पटकन 'नाही' म्हणतो, कारण त्याला कुणाला मारायचं नव्हतं. मग 'अपघात' म्हणून मोकळे होतो. कायदा मात्र या दोहोंच्या मध्ये आणखी एक पायरी ठेवतो. मारण्याचा उद्देश ही वरची पायरी, निष्काळजीपणा ही खालची. मधली पायरी जाणिवेची: मारायचं नव्हतं, पण यात कुणी मरण्याची शक्यता आहे हे माहीत होतं आणि तरीही केलं. हाही सदोष मनुष्यवधच.

गंमत म्हणजे खालची पायरी १८६० च्या मूळ दंड संहितेत नव्हतीच. कलम ३०४-अ त्यात १८७० मध्ये आलं, जास्तीत जास्त २ वर्षांच्या शिक्षेसह. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती मर्यादा ५ वर्षं आहे. मधल्या पायरीला १० वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

मधल्या पायरीवर कुणाला उभं करायचं, यावर कोर्टांचंही एकमत होत नाही. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर दारू प्यायलेल्या तरुणाची कार फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गेली. ७ जण मेले, ८ जखमी झाले. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणा मानून ६ महिने दिले. मुंबई उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध मानून ३ वर्षं दिली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. कृती एकच होती. बदललं ते 'त्याला काय माहीत होतं' याचं उत्तर.

मग आपल्या ट्रक ड्रायव्हरलाही तिथेच उभं करायचं? ब्रेक तापतात हे त्याला माहीत असणारच. पण डिझेल वाचवण्याचा तगादा लावणाऱ्या मालकाला माहीत नव्हतं? क्षमतेपेक्षा जास्त माल भरणाऱ्याला? हिट अँड रनसाठी १० वर्षांच्या तरतुदीविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हरांनी संप केला आणि ते पोटकलम थांबवलं गेलं. त्या रागातला एक प्रश्न मला पटतो: जाणीव फक्त स्टिअरिंग धरणाऱ्यालाच का असते?

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांकडे 'नोन इश्यू'ची यादी असते. दोष सगळ्यांना माहीत असतो, पण यादीत गेला की तो कुणा एकाचा राहत नाही. कायद्याला मात्र एका माणसाच्या डोक्यातली जाणीव सिद्ध करावी लागते. त्यामुळे दहा जणांत वाटली गेलेली जाणीव निसटते आणि सापडतो तो शेवटचा माणूस.

याच डोंगरात दुसरी पद्धतही आहे. कर्जत-लोणावळा रेल्वेमार्गाचा चढ काही ठिकाणी ३७ फुटांना १ फूट इतका तीव्र आहे. तिथे उतरणाऱ्या गाड्यांसाठी कॅच सायडिंग आहेत. गाडी थांबून दाखवते, तेव्हाच तिला पुढचा रस्ता मिळतो. ताबा सुटला असेल तर ती बाजूच्या चढाच्या रुळावर जाते. ब्रेक निकामी होऊ शकतात ही माहिती तिथे थेट रुळांत घातली आहे. चालकाची परीक्षा घेण्यासाठी कुणाच्या मरणाची वाट पाहिली जात नाही.

शिक्षा नको, असं मी म्हणत नाही. ड्रायव्हरने गिअर काढला, तो त्याचा दोष आहेच. पण घाटातल्या अपघाताच्या बातमीत पुढच्या वेळी 'ब्रेक फेल' वाचाल, तेव्हा दोन प्रश्न विचारून बघा: हे होऊ शकतं हे आधी कुणाकुणाला माहीत होतं? आणि त्यांनी त्या माहितीचं काय केलं?