दुधाची गाठ

आई वाचवायची की बाळ? गरोदर बाईला कॅन्सर निघाला की घरात पहिला प्रश्न हाच उठतो. जुन्या सिनेमातले डॉक्टर ऑपरेशन थिएटरबाहेर येऊन नवऱ्याला हेच विचारायचे. तेव्हापासून तो आपल्या मनात घट्ट बसला आहे. मला तो बहुतेक वेळा चुकीचा वाटतो, घातकही वाटतो. त्याचं उत्तर शोधण्यात आठवडे जातात, आणि या आजारात आठवड्यांनाच किंमत असते.

हजार गरोदर बायकांमागे साधारण एकीला कॅन्सर होतो, त्यात स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा अधिक. तो ओळखायला उशीर होतो, कारण त्याच्या प्रत्येक खुणेला गरोदरपणाचं सोपं स्पष्टीकरण हाताशी असतं. थकवा आला तर दिवसच तसे आहेत. छातीत गाठ लागली तर दुधाची आहे, बाळ अंगावर पिऊ लागलं की विरघळेल. सांगणारी सासू किंवा आई मायेनेच सांगते, आणि पुष्कळदा ते खरंही ठरतं. पण दोन आठवडे राहिलेली गाठ तपासायलाच हवी. सोनोग्राफी आणि सुई घालून तुकडा तपासणं, दोन्ही गरोदरपणात करता येतं.

उपचारांचं वेळापत्रक बाळाच्या घडणीवर ठरतं. पहिल्या तीन महिन्यांत अवयव आकार घेतात, म्हणून तेव्हा केमो टाळतात. त्यानंतर ठरावीक औषधं देता येतात. वार त्यांचा बराचसा भाग अडवते, सगळा नाही. साधारण पस्तिसाव्या आठवड्यानंतर केमो थांबवतात, म्हणजे बाळंतपणाच्या वेळी आई आणि बाळ दोघांच्याही रक्तपेशी सावरलेल्या असतात. शस्त्रक्रिया बहुधा केव्हाही होऊ शकते. स्तनाच्या कॅन्सरची टॅमॉक्सिफेन आणि ट्रॅस्टुझुमॅब ही नेहमीची औषधं मात्र बाळंतपणानंतरच.

बेल्जियममधल्या लूवेनचे डॉ. फ्रेडरिक अमांत यांच्या गटाने २०१५ मध्ये अशा मातांच्या १२९ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ९६ मुलांना पोटात असताना केमोचा संपर्क आला होता. दीड ते तीन वर्षांच्या वयात त्यांची बुद्धी आणि हृदय इतर मुलांसारखंच निघालं. फरक दिसला तो अकाली जन्माचा. पोटात काढलेल्या प्रत्येक जादा आठवड्यागणिक बुद्धीच्या चाचणीतले गुण वाढत होते. आपण औषधाला भितो आणि ‘आधी बाळ बाहेर काढा, मग काय ते उपचार करा’ म्हणतो. बाळाचं नुकसान त्या घाईतही आहे.

आता हे नाशिक जिल्ह्यात आणून पाहा. सुरगाणा-पेठची कुटुंबं द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांत कामाला येतात. गरोदर बाईची पहिली तपासणी एका गावात होते, दुसरी बागेजवळच्या केंद्रात. सातव्या महिन्यात ओटी भरली की ती माहेरी. दर तीन आठवड्यांचा केमो या वाटचालीत बसवायचा, तर तिच्याबरोबर तिचे कागद फिरले पाहिजेत आणि प्रसूतीचे डॉक्टर कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलले पाहिजेत. कॅन्सरवर उपचार करणारी रुग्णालयं आता नाशिक शहरातच आहेत, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचारही बसतात. प्रत्येक खेपेला परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरावी लागत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची तपासणी होते. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन पाहताना छातीही हाताने चाचपली, तर किती वेळ लागेल?

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपाशी मात्र तो जुना प्रश्न खरा होतो. आजार पुढे गेला असेल तर किरणोपचार लागतात, आणि ते गर्भाला सोसत नाहीत. पहिल्या तिमाहीत सापडलेला रक्ताचा तीव्र कॅन्सरही थांबायला सवड देत नाही. इथे निवड करावी लागते, पण ती करायची कुणी? १९७१ च्या गर्भपात कायद्यात उत्तर स्वच्छ आहे: सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही, सासऱ्याचीही नाही. जीव वाचवण्यासाठी तातडीने गर्भपात करावा लागला, तर आठवड्यांची मर्यादाही आड येत नाही. असं असूनही चर्चा होते ती वॉर्डाबाहेर, पुरुषांमध्ये, आणि जिच्या पोटात बाळ आहे तिला निर्णय फक्त कळवला जातो. याची मला चीड येते.

हा पेच बऱ्याच अंशी आधीच टाळता येतो, हेही महाराष्ट्रानेच दाखवलंय. बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात केलेल्या अभ्यासात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रिया होत्या. २००९ मध्ये निष्कर्ष आले: एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या चाचणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू निम्म्याच्या आसपास उतरले.

बाळंतपणानंतरही काम उरतं. वार तपासायला पाठवतात, कारण फार क्वचित कॅन्सरच्या पेशी तिथवर पोचतात. केमो चालू असताना अंगावर पाजता येत नाही. पुढचा केमो बहुधा सव्वा महिन्याच्या आतच येतो, म्हणजे बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही म्हणतात त्याच दिवसांत. ही तारीख घरातल्या थोरल्या बाईला सातव्या महिन्यातच सांगून ठेवावी. बाळाला वरचं दूध कोण पाजणार आणि बाळंतिणीबरोबर दवाखान्यात कोण जाणार, हेही तेव्हाच ठरवावं.