मगरूर म्हणजे फसलेला

वाचनभाग : ओबद्या 1-4, लूक 18:9-14



गेल्या भातकापणीच्या दिवसांत मी पेडणे तालुक्यातील पार्से येथे एका स्नेह्यांकडे उतरलो होतो. ओसरीवर बसून शब्बाथ शाळेसाठी 'गर्व' या विषयावर धडा तयार करीत होतो. समोरच्या शेतात भरलेल्या लोंब्या वाकल्या होत्या; पोचट तेवढ्या ताठ उभ्या होत्या. दृष्टान्त आयताच मिळाला. पण खरे सांगायचे तर, त्या पोचट लोंब्या पाहताना माझ्या डोळ्यांपुढे दुसऱ्याच कोणाचा चेहरा होता.

आमच्या शाळेतील एका तरुण शिक्षिकेची चूक मी मुलांदेखत काढली होती. ती येईनाशी झाली. "पोरीला भारी ताठा," असे मी वर्षभर म्हणत आलो.

धड्यासाठी शब्दांची मुळे शोधू लागलो. इंग्रजीतील 'ॲरोगन्स' लॅटिनमधून आला. हक्क नसता स्वतःकडे ओढून घेणे, हा त्याचा भाव. 'हॉटी' या शब्दामागे उंच या अर्थाचा फ्रेंच शब्द आहे. ज्ञानाने माणूस फुगतो, असे पौल करिंथ येथील मंडळीला लिहितो. तेथील ग्रीक क्रियापदाचे नाते भात्याशी आहे. भात्यात वाऱ्यावाचून काय असते?

मग आपला 'मगरूर' आला. हा शब्द मूळचा अरबी, फारसीतून मराठीत रुळलेला. त्याचा मूळ अर्थ उन्मत्त असा नाही. फसवला गेलेला, भ्रमात पडलेला, असा आहे. मी थबकलो. ओबद्या संदेष्टा अदोमाला हेच बजावतो. खडकांच्या कपारीत, उंचावर राहणाऱ्या त्या राष्ट्राला त्याच्याच गर्वाने फसवले होते.

फसलेल्याला आपण फसलो हे कळत नसते. मंदिरातील परूशी खोटे बोलत नव्हता. स्वतःविषयी त्याची तशी खात्रीच होती. जकातदाराचा दोष त्याला स्पष्ट दिसला, स्वतःचा दिसला नाही. माझेही तसेच झाले होते. ताठा कोणाचा होता?

परतल्यावर मी त्या भगिनीच्या घरी गेलो. "चूक माझी होती," हे तीन शब्द उच्चारायला मला एक वर्ष लागले. ती अजून शाळेत परतलेली नाही. पण तिच्याविषयीचे माझे बोलणे थांबले आहे.

शिक्षकहो, गर्वाचा धडा शिकवताना कोणाचा चेहरा आपल्यापुढे येतो, ते आधी पाहा.

प्रार्थना : हे प्रभो, आम्ही कोठे फसलो आहोत ते आम्हांस दाखव, आणि ज्याला दुखवले त्याच्या दारी जाण्याचे बळ दे. आमेन.