गावकीची वर्गणी

कोकणातल्या गावकीत वर्गणी ठरवताना एक जुना हिशेब चालतो. देवळाचं छप्पर असो की पऱ्ह्यावरचा बंधारा, मुंबईला नोकरी असलेल्या घराने जास्त द्यायचं, हातावर पोट असलेल्याने एक दिवस अंगमेहनत करायची, एकट्या म्हातारीला सोडून द्यायचं. पण सोडलेलं घरही वहीत असतं. १९९२ साली रिओच्या वसुंधरा परिषदेत हवामानाच्या बाबतीत जगाने हेच तत्त्व कागदावर आणलं: जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नव्हे. भारत तेव्हापासून तेच सांगतोय, आणि त्यात खोटं काही नाही. दरडोई धुरात अमेरिकन माणूस आपल्या कितीतरी पुढे. तो देश मात्र पॅरिस हवामान करारातून एकदा बाहेर पडून परतला आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडायचा हुकूम काढून मोकळा झाला. बंगलेवाल्याने वर्गणी बुडवली की गावकीत बाकीचे म्हणतात, मग आम्हीच का?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोट्याला उभं राहिलं की हा प्रश्न मला तितका सोपा वाटत नाही. परशुराम घाट चढून खेडकडे निघालं की नाकालाच कळतं, एमआयडीसी आली. इथलं सांडपाणी दाभोळ खाडीकडे जातं. खाडीत मेलेल्या माशांच्या बातम्या रत्नागिरीच्या वाचकाला नव्या नाहीत. लोटे बंद करा असं मी म्हणणार नाही. त्याच्यामुळे खेड-चिपळूणच्या कितीतरी घरांतला मुलगा मुंबईची गाडी न पकडता गावात राहिला.

लोट्याचा एक धागा थेट इटलीत जातो. तिथे विचेंझाजवळ मितेनी नावाचा कारखाना होता. तिथली पीफास रसायनं, जी निसर्गात जवळजवळ विरतच नाहीत, भूजलात उतरली. २०१८ साली कंपनीचं दिवाळं निघालं, जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा ठोठावली. त्या कारखान्याची यंत्रं लिलावात विकली गेली आणि समुद्र ओलांडून आली ती लोट्याला. जुनी यंत्रं घेणं हा गुन्हा नव्हे, आणि तिथे झालं तेच इथे होईल असंही नाही. पण तिकडच्या गावाने ज्याचा धसका घेतला, ते आपल्या गावात उतरताना गावाला कुणी विचारलं होतं का?

कार्बनचंही असंच आहे. करारांच्या हिशेबात धूर पडतो तो चिमणी ज्या देशात आहे त्याच्या नावावर, माल कोण वापरतो त्याच्या नव्हे. युरोपातली भट्टी विझली, आकडा उतरला, टाळ्या पडल्या. भट्टी पेटली दुसरीकडे. हे जगाच्या सभेत भारतानेच ठणकावून सांगायला हवं. फक्त ते कारखानदाराच्या वतीने सांगायचं की खाडीत मासे धरणाऱ्या भोयाच्या?

२२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं, खेड तालुक्यात पोसऱ्याला दरड कोसळून माणसं गाडली गेली. (वाशिष्ठी नदीतल्या गाळाचाही चिपळूणच्या पुरात वाटा होता, सगळं हवामानाच्या माथी मारणं ही आपली सोयीची पळवाट.) त्यानंतर तीन-साडेतीन महिन्यांत, ग्लासगोच्या हवामान परिषदेत पंतप्रधानांनी २०७०पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा वायदा केला. त्याच परिषदेत कोळसा ‘बंद’ऐवजी ‘कमी’ हा शब्द आला तो भारताच्या आग्रहाने. मला तो आग्रह चुकीचा वाटत नाही. गरिबाच्या घरातला दिवा आधी लागला पाहिजे.

खटकतं ते वेगळंच. दरडोई सरासरी काढली की पुण्यामुंबईतलं चार एसींचं घर आणि दाभोळ खाडीकाठचं कौलारू घर एकाच ओळीत बसतं. भोयाच्या गरिबीने आपला आकडा खाली राहतो आणि त्या आकड्याच्या आड आपला बंगलेवाला निवांत बसतो. जगाकडे आपण मागतो तो न्याय घरात मागायला गेलं की मात्र विकासाच्या आड येतो म्हणतात.

गावकीत वर्गणीची वही सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतात. कोणाच्या नावावर किती, हे म्हातारीलाही ऐकू जातं.