पायरी उतरणे

हरणे आणि पायरी उतरणे या दोन गोष्टी आपण बहुधा एकच समजतो. परंतु त्यांत अंतर आहे. हरलेला दुसऱ्या दिवशी आपल्या जागेवर असतो. पायरी उतरलेल्यास जागाच सोडावी लागते. अशी जागा सोडावयास लावणे न्याय्य आहे काय, आणि सोडावी लागल्यास स्वाभिमानी माणसाने काय करावे, हा प्रश्न २०२२-२३ च्या हिवाळ्यात फुटबॉलच्या मैदानावर आमच्यापुढे अनपेक्षितपणे उभा राहिला.

त्या हंगामात मुंबईच्या फुटबॉलचा क्रम थोडा उलटा होता. काही चांगले पाहावयाचे तर चर्चगेटची गाडी धरावी, हा आम्हां उपनगरवासीयांचा पिढ्यांचा परिपाठ. परंतु देशातील पहिल्या प्रतीची स्पर्धा, इंडियन सुपर लीग, अंधेरीस शहाजी राजे भोसले क्रीडासंकुलात भरत होती, आणि दुसऱ्या प्रतीची आय-लीग शहरात, कूपरेजच्या जुन्या मैदानावर. अंधेरीस खेळणाऱ्या मुंबई सिटी संघाने त्या वर्षी साखळीतील अग्रस्थानाची ढाल मिळविली. कूपरेजवर खेळणारा केंकरे संघही मुंबईचाच. पण त्याचे नाव आमच्या वाडीत फारसे कोणास ठाऊक नव्हते.

आम्ही एका दुपारी बोरिवलीहून त्याचा सामना पाहावयास निघालो, तेव्हा आमचे मुलुंडचे एक स्नेही म्हणाले, "अहो, अंधेरी ओलांडून पुढे जाता, तेही हरणाऱ्यांना पाहायला?" त्यांच्या बोलण्यात तथ्य होते. प्रेक्षक तुरळक होते. केंकरे गुणतक्त्याच्या तळाशी होता. गाडीत आम्ही दुसऱ्या वर्गाच्या डब्यात बसलो होतो आणि त्यात काही कमीपणा आहे असे आमच्या किंवा कोणाच्याच मनात आले नव्हते. मग दुसऱ्या वर्गाच्या खेळाविषयीच आपल्यास एवढा संकोच का, हा विचार परतीच्या वाटेवर सुचला.

त्या हंगामापासून आय-लीग ही उघडपणे दुसरी पायरी ठरली होती. बारा संघ, प्रत्येकाचे बावीस सामने. पहिला येईल तो सुपर लीगमध्ये चढणार, तळाचे दोन खाली उतरणार. राउंडग्लास पंजाब चढला, आणि केवळ खेळाच्या बळावर वरच्या लीगमध्ये गेलेला तो पहिला संघ. दिल्लीचा सुदेवा आणि आमचा केंकरे उतरले. येथवर शिडीचा न्याय सरळ आहे. वर जागा हवी असेल तर कोणीतरी ती रिकामी केली पाहिजे.

परंतु नजर थोडी वर नेली की हा सरळपणा नाहीसा होतो. त्याच हिवाळ्यात सुपर लीगमध्ये गुवाहाटीचा नॉर्थईस्ट युनायटेड शेवटचा आला. त्यास कोणी उतरविले नाही. २०१४ साली निघालेल्या त्या लीगमध्ये उतरण्याची पायरीच नव्हती. मालकांनी मोठा खर्च करून जागा घेतल्या होत्या. एका वाईट वर्षाने तो बुडू नये अशी योजना होती. दोन शेवटचे संघ. एकास घर सोडावे लागले, दुसऱ्याचे घर विकत घेतलेले. हे पाहून प्रथम आमचा संताप झाला. तथापि त्याच नॉर्थईस्टने २०२४ साली ड्युरँड चषक जिंकला, हे वाचले तेव्हा संतापाची धार थोडी बोथटली. ज्यास सांभाळून घेतले तो पुढे उभा राहिला. अभय देणे हे नेहमी अन्यायाचेच असते, असे आम्ही आता म्हणणार नाही. ते केवळ श्रीमंतांसच का मिळावे, एवढेच विचारू.

याहून अवघड प्रश्न पुढचा आहे. उतरावे लागल्यावर काय करावे? या बाबतीत कूपरेजचा इतिहास मोठा उदास आहे. महिंद्र युनायटेडने २००५-०६ साली राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० साली तो संघ त्याच्या चालकांनी बंद केला. मुंबई एफसी हा दुसरा संघ २०१६-१७ साली आय-लीगच्या तळाशी राहिला, उतरला आणि त्यानंतर उरलाच नाही. एक उंचीवरून मिटला, दुसरा पहिल्याच पायरीवर. खालच्या पायरीवर खेळून दाखवावे, असे दोघांच्याही वाट्यास आले नाही.

आणि हे केवळ धनिकांच्या संघांतच घडते असे नाही. घाटकोपरास आमच्या परिचयाच्या एका घरातील मुलास आठवीत 'अ' तुकडीतून 'ब' तुकडीत घातले. मुलगा दोन दिवस रडला आणि तिसऱ्या दिवशी नव्या सोबत्यांत रमला. आईबापांस मात्र ते सोसेना. वर्ष संपण्यापूर्वी त्यांनी शाळाच बदलली. आम्ही त्यांस दोष देत नाही. आमच्या वर्गाची सारी प्रतिष्ठा दोन बोटांच्या उंचीवर उभी असते, ती बोटे गेली की खाली जमीन आहे हे आम्हांस दिसतच नाही.

जपानमध्ये याच दुसऱ्या पायरीस निराळे वळण लागले. तेथील व्यावसायिक लीग १९९३ साली सुरू झाली आणि तिची दुसरी श्रेणी १९९९ साली. ओसाकाचा गाम्बा हा संघ मूळचा मात्सुशिता कंपनीचा, म्हणजे आपल्या महिंद्रच्याच जातीचा. परंतु नव्या व्यवस्थेत संघांनी कंपनीचे नाव टाकून गावाचे नाव घ्यावयाचे होते. २०१२ साली गाम्बा उतरला. २०१३ साली त्याने दुसरी श्रेणी जिंकली आणि २०१४ साली पहिली. काशिवाच्या संघाने तर २०१० व २०११ अशी लागोपाठ दोन वर्षे दोन्ही पायऱ्या जिंकल्या. हे पराक्रम विरळा, हे आम्ही जाणतो; उतरलेले बहुतेक संघ तेथेही वर्षानुवर्षे खालीच खेळत राहतात. पण खेळत राहतात, हेच आम्हांस महत्त्वाचे वाटते. कंपनी हिशेब मिटवू शकते. गाव हरले म्हणून गाव सोडून जात नाही.

इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. गोव्याचा देंपो हा पाच वेळचा राष्ट्रीय विजेता. सुपर लीगच्या भोवती देशातील फुटबॉलची जी नवी मांडणी योजली जात होती, तीस विरोध म्हणून २०१६ साली तो आय-लीगमधून बाहेर पडला. ते बाणेदार होते. पण बाण्यापलीकडचे पुढे घडले. २०२३-२४ साली तो तिसऱ्या पायरीवर येऊन खेळला, तेथून वर चढला, आणि २०२४-२५ साली पुन्हा आय-लीगमध्ये आला. पाच अजिंक्यपदे पाठीशी असताना तिसऱ्या पायरीवर उभे राहावयास जे लागते, ते अजिंक्यपद मिळविण्यास लागते त्याहून कमी आहे असे आम्हांस वाटत नाही. आमचे मुलुंडचे स्नेही यास हट्ट म्हणतात. असेल.

घाटकोपरचा तो मुलगा नव्या शाळेत 'अ' तुकडीत आहे. संध्याकाळी मात्र तो बस धरून जुन्या शाळेच्या मैदानावर जातो आणि 'ब' तुकडीतल्या मुलांबरोबर चेंडू खेळतो, असे त्याच्या आईने परवा थोड्या तक्रारीच्या सुरात आम्हांस सांगितले.